एकविसावी ओळ

ये विल्बेर, बस. पाठ दगडाला टेकव.
ऊन आहे तोवरच बोटं ऐकतात,
मग सरोवरावरून वारा येतो आणि आपण आपल्या घरी.

या पाच सुया. सायकलचे आरे घासून केल्यात.
बेटावर सायकल एकही नाही, नुसता चढ,
पण आरे पुनोच्या बाजारातून बोटीने येत राहतात.
माझे आजोबा निवडुंगाच्या काट्यांवर विणायचे.
बोटाला टोचलं की टोपीवर रक्ताचा ठिपका पडे;
लाल लोकरीत कोण बघतंय!

धागा आधी मानेभोवती घे. असा.
ओढला की मानेला कळायला हवं,
मेंढीला दाव्याचं कळतं तेवढंच.
सैल सोडलास तर बटाट्याचं पोतं होईल,
आवळलास तर सुई शिरणार नाही
आणि तू चिडशील माझ्यावर.

आता टाके घाल.
अंगठ्यावर फास, सुई त्यात, ओढ.
अंगठ्यावर फास, सुई त्यात, ओढ.
मोठ्याने मोज. आपल्या भाषेत मोज, स्पॅनिश शाळेत आहेच:
हुक, इस्काय, किन्सा, तावा…
शंभरापुढे चुकशील. मीही चुकतो.
पुन्हा मोज.

चार सुयांवर टाके वाटून घे, पाचवी मोकळी ठेव;
काम तिलाच आहे.
गोल जोडण्याआधी खालची कड बघ, पीळ नाही ना?
असेल तर आत्ताच सोड.
दहा ओळींनंतर तो तुझ्या डोक्यावर बसेल, जन्मभर.

आणि हे नीट ऐक, आपण उलटं विणतो.
सुई समोरून आत, अंगठ्याने धाग्याला टिचकी,
मागे ढकल, सोड.
नक्षी पलीकडे उमटते, आतल्या अंगाला.
तुझ्यासमोर राहतात आडवे धागे, गाठी, टोकं,
घर झाडून कचरा दाराशी आणावा तसं.
सारखं सारखं उलटून बघू नकोस.
पक्षी कुठे जात नाहीत.

टाका सुटला?
ओरडू नकोस. हलूही नकोस.
बघ, खाली धाग्यांची शिडी दिसते.
सुईच्या टोकाने एकेक पायरी वर आण.
अर्ध्यात दुसरा सुटला तर मला हाक मार.
तोपर्यंत नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो.
बासिलियाच्या बापाने, फाउस्तिनो यूक्राने,
माझी टोपी उलटी धरली, वाटीसारखी,
आणि तांब्याभर पाणी ओतलं तीत.
अंगणात तिचे तीन भाऊ, एक कुत्रा, माझी आई.
कुणी बोलेना.
पाणी राहिलं. राहिलं.
मग एक थेंब आला, त्याच्या बुटावर.
मग दुसरा.

म्हाताऱ्याने बोटाने ओळी मोजल्या, काठापासून वर,
डोळे बारीक करून, हळू,
जसा सावकार नोटा मोजतो.
एकविसावी, म्हणाला. इथे हात सैल पडलाय.
काय झालं होतं त्या दिवशी?

खोटं सुचलं असतं तर बोललो असतो.
त्या दिवशी विणत विणत मी पायवाटेवर उभा होतो
आणि मेंढ्या घेऊन बासिलिया वर गेली होती.
ती माझ्याकडे बघत नव्हती. मेंढ्या बघत होत्या.

मी खरं सांगितलं.
भाऊ हसले. आई खाली बघत राहिली.
फाउस्तिनोने टोपी पिळली,
माझ्या हातात दिली:
पुढच्या वर्षी ये. आणि विणताना भिंतीकडे तोंड कर.

वर्षभर भिंतीकडे तोंड केलं रे.
त्या भिंतीतला प्रत्येक दगड मला अजून पाठ आहे.
दुसऱ्या टोपीने पाणी धरलं,
म्हाताऱ्याने तेच पाणी मला प्यायला लावलं,
लोकरीचा वास होता त्याला.

पहिली? ती उसवू दिली नाही बासिलियाने.
चुलीवर टांगलेली आहे ना काळी पडलेली, तीच.
अंडी ठेवते तीत.

काय बघतोस वर? कोण चाललंय?
तिसऱ्या सुईवर बघ. एक सुटलाय.
छे, मी हात लावणार नाही.
शिडी शोध.